एफ-१ दाबल्यावर उघडणारे पान

संगणकावर काम करता करता माणूस अडतो, एफ-१ ही कळ दाबतो आणि मदतीची खिडकी उघडते. १९९० साली विंडोज ३.० बरोबर आलेल्या विनहेल्पसाठी ही पाने आरटीएफ स्वरूपात लिहावी लागत. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टची एचटीएमएल हेल्प आली आणि साधे वेबपान लिहिता येणाऱ्यालाही मदतीचे पान लिहिणे जमू लागले. अशी सुटी पाने, अनुक्रम आणि सूची एकत्र बांधून सीएचएम ही एकच फाइल तयार होते.

एका पानावर एकच काम सांगावे. वाचणारा घाईत असतो, त्याला प्रस्तावना नको असते. ‘पावती छापणे’ एवढे शीर्षक पुरते, त्याखाली पायऱ्या ओळीने याव्यात. बटणाचे नाव पडद्यावर असेल तेच लिहावे. पडद्यावर ‘जतन करा’ आणि पानावर ‘सेव्ह’ असेल, तर वाचणारा नसलेले बटण शोधत बसतो.

लिहिलेले पान ब्राउझरमध्ये उघडून पाहिले जाते, पण तेवढ्याने भागत नाही. मदतीची खिडकी अरुंद असते, शिवाय तिची डावी बाजू अनुक्रमाने व्यापलेली असते. ब्राउझरमध्ये ऐसपैस दिसलेला तक्ता तिथे आडवा सरकवत वाचावा लागतो. पान दाखवण्याचे कामही जुन्या इंटरनेट एक्सप्लोररच्या यंत्रणेकडे असते, त्यामुळे नव्या ब्राउझरमधली सजावट तिथे विस्कटते. म्हणून फाइल बांधून, प्रत्यक्ष त्या खिडकीतच प्रत्येक पान पाहावे.

मराठी पानांना जास्तच जपावे लागते. ‘मदत’ या शब्दात तीन अक्षरे, पण यूटीएफ-८ मध्ये त्यांचे नऊ बाइट होतात. पानाच्या डोक्यावर यूटीएफ-८ची नोंद नसेल, तर त्या शब्दाच्या जागी नऊ निरर्थक चिन्हे उमटू शकतात. ही नोंद केली की पान सुधारते, अनुक्रम मात्र सुधारत नाही. अनुक्रम आणि सूची जुन्या कोडपेजवर चालतात आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी तसे कोडपेजच नाही. परिणामी मराठी शीर्षकांऐवजी प्रश्नचिन्हे दिसतात. मराठी मदतीसाठी सुटी वेबपाने ठेवणेच अधिक बरे.

शेवटची तपासणी दुसऱ्या संगणकावर करावी. लेखकाच्या सी ड्राइव्हचा पूर्ण पत्ता घातलेला दुवा त्याच्याकडे बिनबोभाट चालतो, इतरत्र तुटतो. इंटरनेटवरून उतरवलेली सीएचएम फाइल उघडली, तर कधी डावीकडे अनुक्रम दिसतो आणि उजवीकडे कोरे पान. फाइल बिघडलेली नसते, विंडोजने सुरक्षेसाठी ती अडवलेली असते. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ केले की मजकूर दिसू लागतो.