संक्रमण शिबिर : तात्पुरत्या घराचा प्रश्न

(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनात व्याख्यानासाठी शिक्षण, विवाहातील खर्च किंवा उद्योगधंदा यांपैकी एखादा विषय घेण्याचा प्रघात आहे. मी आज घराविषयी बोलणार आहे, आणि तेही कायमच्या घराविषयी नव्हे. मोडकळीस आलेली इमारत सोडावी लागली, झोपडी पाडली गेली किंवा पदपथावरच संसार मांडावा लागला, अशा कुटुंबाने पक्के घर मिळेपर्यंत ज्या छपराखाली दिवस काढावयाचे, त्याविषयी मला सांगावयाचे आहे. गिरगाव, लालबाग, परळ, माझगाव येथील जुन्या चाळींत आपली किती बिऱ्हाडे आहेत, हे सभासदांच्या यादीवरून नुसती नजर फिरविली तरी ध्यानात येईल. तेव्हा हा विषय आपणांस परका नाही.

मुंबईतील जुन्या, उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ साली कायदा होऊन मंडळ स्थापन झाले, त्या वेळी अशा इमारतींची संख्या १९,६४२ होती. पुढे १९७७ साली हे काम म्हाडाकडे आले. इमारत राहण्यास अयोग्य ठरली की भाडेकरूंना संक्रमण शिबिरात पाठवावयाचे आणि नवी इमारत उभी राहिली की परत आणावयाचे, अशी मूळ योजना आहे. शीवचे प्रतीक्षानगर, विक्रोळीचे कन्नमवारनगर, मागाठाणे, गोरेगाव, मानखुर्द या ठिकाणची शिबिरे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. जुना गाळा बहुधा १८० चौरस फुटांच्या आसपासचा असतो. संक्रमण या शब्दाचा अर्थ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे असा आहे. परंतु या गाळ्यांतून पाळण्यातली मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली आणि त्यांच्या मुलांची नावेही त्याच गाळ्याच्या पत्त्यावर शाळेत घातली गेली.

दिरंगाईची तक्रार आपण नेहमीच करतो, तेवढ्यासाठी मी येथे उभा राहिलो नसतो. तात्पुरत्या घराची प्रतिष्ठा गेली म्हणजे माणसे धोक्याच्या घरातून हलेनाशी होतात, आणि मग प्रश्न जिवाचा होतो. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील पाकमोडिया रस्त्यावरची हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे मृत्युमुखी पडली. ती इमारत धोकादायक ठरविली गेली होती. तेथील काही कुटुंबे काही वर्षे आधीच तात्पुरत्या जागेत हलली होती, काही हलली नव्हती. राहिलेल्यांच्या मनात काय होते, हे बाहेरच्या माणसाने सांगू नये. पण आपल्या चाळीत नोटीस येते तेव्हा जिन्यावर काय बोलणे होते, ते मी ऐकलेले आहे. ‘एकदा गेलो की परत येणे आपल्या हाती नाही.’ हे बोलणारा मनुष्य अडाणी नसतो. त्याने शेजारच्या चाळीतील बिऱ्हाडांचे काय झाले ते पाहिलेले असते.

अशा निवाऱ्यांचा मुंबईस आलेला अनुभव जुना आहे. १८९६ साली प्लेग आला तेव्हा निरनिराळ्या ज्ञातींनी आपापली रुग्णालये उघडली. ज्ञातिसंस्थांच्या इतिहासातील ते मानाचे पान होय; मात्र ज्यांची संस्था नव्हती त्यांचे काय, हा प्रश्न तेव्हाही होता. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना ठेवण्यात आले. बराकींत पडदे लावून संसार थाटले गेले. १९४९ साली त्या छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले आणि तात्पुरत्या छावणीचे शहर झाले. तेथील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. माणूस राहू लागला की तो भिंत वाढवितो, माळा घालतो, मोरी बांधतो; छावणी आखणाऱ्याने हे गृहीत धरले नाही तर दोष राहणाऱ्याचा नव्हे.

हे काम नीट होऊ शकते, याचाही पुरावा याच शहरात आहे. रेल्वेच्या रुळांलगत राहणाऱ्या हजारो झोपडीवासीयांना १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी हलविण्यात आले. त्यांपैकी बऱ्याच जणांना प्रथम कांजूरमार्गसारख्या ठिकाणी तात्पुरत्या खोल्यांत नेले आणि मग २२५ चौरस फुटांच्या पक्क्या घरांत. त्यात महिला मिलन आणि रेल्वेलगतच्या रहिवाशांचे संघटन यांचा मोठा वाटा होता. रहिवाशांनीच घरोघर फिरून आपली यादी केली आणि शेजारी राहणाऱ्या कुटुंबांचे गट बांधून गटच्या गट हलविले. खोल्या काही प्रशस्त नव्हत्या. पण शेजार तोच राहिला, यादी आपल्या हातची राहिली, आणि पुढच्या घराची खात्री होती. पोलिसी बळ न लावता एवढी माणसे हलली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. नंतरच्या पक्क्या इमारतींत देखभालीच्या अडचणी पुष्कळ आल्या, तो विषय निराळा.

संक्रमण शिबिरात याच्या नेमके उलट घडते. एका जिन्यावरची बिऱ्हाडे चार उपनगरांत विखुरतात. मुलाची शाळा गिरगावात आणि गाळा मागाठाण्यास, म्हणजे आईने पहाटे उठून त्यास गाडीत घालावयाचे. ज्यांना गाळा नको झाला ते तो गुपचूप दुसऱ्यास देऊन निघून जातात. मग मूळ भाडेकरू कोण, कागद करून विकत घेणारा कोण आणि घुसखोर कोण, अशा अ, ब, क वर्गवाऱ्या २०१९ मध्ये शासनास कराव्या लागल्या. गळके छप्पर दुरुस्त करण्याचे प्रत्येकाने दुसऱ्यावर ढकलावे, कारण कोणालाच तेथे राहावयाचे नाही, असे तेथील वातावरण असते.

पदपथावरच्या कुटुंबांस तर शिबिरही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दर लाख वस्तीमागे एक निवारा असावा असा निर्देश दिला. २०११ च्या शिरगणतीनुसार मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाखांवर होती. त्या हिशेबाने सव्वाशे निवारे हवेत, आणि मुंबई त्यापासून फार दूर आहे. केंद्राच्या योजनेत माणशी किमान ५० चौरस फूट जागा आणि कुटुंबांसाठी वेगळे निवारे यांची तरतूद आहे. जेथे नवऱ्यास एकीकडे आणि बायकामुलांस दुसरीकडे ठेवतात, तेथे कुटुंब जात नाही. ते आपले पदपथावरच एकत्र राहते. यात मला हट्ट दिसत नाही, शहाणपण दिसते. कडी लागणारे दार, आतली मोरी, भांडी ठेवण्यास फळी आणि पोराच्या शाळेपासून चालत जाण्याइतके अंतर एवढे मिळाले तर तात्पुरत्या खोलीतही संसार होतो. किती दिवस राहावयाचे त्याची तारीख मात्र त्या खोलीच्या ताबापत्रावरच लिहिलेली असावी, आणि ती टळली तर भाडे कोणी द्यावयाचे तेही. झोपडपट्टी पुनर्वसनात २०२३ पासून विकासकाने दोन वर्षांचे भाडे आगाऊ भरावे असे ठरले आहे. हीच रीत शिबिरांसही का लागू नसावी?

आता मंडळाकडे मागणे. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध होते, ती कार्यालयाच्या फलकावर लावावी. शिबिरात गेलेल्यांना पुढे आपला हक्क सिद्ध करताना भाडेपावती, शिधापत्रिका, वीजबिल, जागा रिकामी करण्याची नोटीस यांसारखी कागदपत्रे लागतात, आणि नेमकी हीच हलवाहलवीत गहाळ होतात. त्यांच्या प्रती ठेवण्यासाठी कार्यालयात एक कपाट राखून ठेवावे. आपल्या सभासदाच्या इमारतीतील इतर ज्ञातींच्या बिऱ्हाडांचे कागदही त्यातच ठेवावेत, कारण हलावयाचे ते सबंध इमारतीला. नोंदी ठेवण्यास आपल्या भगिनी मंडळातील दोघीतिघी पुढे आल्या तर काम मेअखेर पुरे होईल.