रस्ता सरकारचा, मग कंपनीच्या बॅलन्स शीटवर काय असतं?

आजचा विषय ऐकून स्किप करू नका, कारण यात माझे स्वतःचे चाळीस हजार गेलेत.

मी कोड लिहिणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी शेअर निवडायला एक स्क्रिप्ट लिहिली. अट एकच, दरवर्षी महसूल वाढला पाहिजे. यादीत सगळ्यात वर आली रस्ते बांधणारी एक कंपनी. नाव सांगत नाही, चूक तिची नव्हतीच. शेअर घेतले. पुढच्या वर्षी रस्ता बांधून झाला आणि महसूल धाडकन खाली. मला वाटलं, घोटाळा झाला! घोटाळा नव्हता, मी हिशेबाचा नियम वाचला नव्हता.

नियम आहे इंड एएस ११५, परिशिष्ट डी. कंपनी रस्ता बांधते, ठरलेली वर्षं चालवते, मग सरकारला परत देते. टोलचा दर सरकार ठरवतं, शेवटी रस्ताही सरकारचाच. म्हणून कंपनी तो आपली स्थावर मालमत्ता म्हणून दाखवत नाही. मग काय दाखवते? इथे एकच प्रश्न विचारायचा: गाड्या आल्या नाहीत तर नुकसान कोणाचं?

नुकसान कंपनीचं असेल, म्हणजे बीओटी टोल, तर तिच्याकडे असतो फक्त टोल वसुलीचा हक्क. ही अमूर्त मालमत्ता. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे घ्या. तिथे बांधकाम नव्हतं, तयार रस्ता होता. २०२० मध्ये एमएसआरडीसीने टोलचा हक्क आयआरबी समूहाच्या कंपनीला ८,२६२ कोटींना दिला, एप्रिल २०३० पर्यंत. असा हक्क दरवर्षी थोडा थोडा खर्ची पडतो आणि मुदत संपली की शून्य.

गाड्या येवोत न येवोत, सरकार ठरलेली रक्कम देणार असेल, तर ते येणं झालं, म्हणजे वित्तीय मालमत्ता. २०१६ पासूनचं हॅम मॉडेल असंच आहे. ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात, उरलेली नंतर १५ वर्षं हप्त्यांनी, व्याजासकट. टोलशी कंपनीचा संबंध नाही.

आता माझा खड्डा. समजा, बीओटी रस्त्यावर कंपनीने वर्षात १०० कोटी खर्च केले. नियमानुसार ती बांधकामाचा महसूल दाखवते, समजा ११० कोटी. मोबदला काय मिळाला? टोलचा हक्क. बँकेत एक रुपया नाही! कागदावर १० कोटी नफा, खात्यातून १०० कोटी बाहेर. पुढे टोल सुरू झाला की तोही महसूल म्हणूनच धरला जातो. नियम बरोबर आहे, कारण कंपनीने बांधकामाची सेवा खरंच दिलीय. पण माझ्या स्क्रिप्टला बांधकाम आणि टोल यांतला फरकच कळत नव्हता.

म्हणून आता मी तीन गोष्टी बघतो. महसुलात बांधकाम किती, टोल किती. हक्काची किती वर्षं उरलीत. आणि कॅश फ्लोमध्ये खरे पैसे आले का. हे सगळं वार्षिक अहवालाच्या नोट्समध्ये असतं, मोबाइलवर पीडीएफ उघडा आणि ‘कन्सेशन’ शब्द शोधा.

स्क्रिप्टमध्ये आता एक ओळ वाढवलीय. चाळीस हजारांची ओळ आहे ती, तुम्ही फुकटात घ्या. भेटू पुढच्या भागात!