चित्रामागचा देह

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून आधी तुमचाच हात समोर धरा. तळवा वर करा, अंगठा करंगळीला टेकवा आणि मनगट जरा आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक ताठ दोरी वर आली? ती पाल्मारिस लाँगस नावाच्या स्नायूची कंडरा. काहींना ती दिसणार नाही, कारण काही माणसांना हा स्नायू जन्मतःच नसतो. त्यावाचून त्यांचं काही अडत नाही.

देहातले असे फरक मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवते. आमच्या भागात ही सोय हळूहळू आली. अमरावतीत १९८४ साली डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय निघालं, अकोल्यात २००२ साली शासकीय महाविद्यालय आलं. तेल्हारा, दर्यापूर, धारणीकडची मुलं घराजवळ डॉक्टरकी शिकू लागली. आज यांच्या मोबाइलमध्ये सबंध मानवी देह असतो. बोटानं त्वचा बाजूला सारायची, स्नायू उचलायचे, खालची नस पाहायची. चुकलं तर पुन्हा मांडायचं. मला याचा मनापासून आनंद आहे.

गर्भातलं आतडं घ्या. सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते नाळेत उतरतं, दहाव्याच्या सुमारास पोटात परततं, आणि या प्रवासात एका रक्तवाहिनीभोवती एकूण २७० अंशांनी वळतं. फळ्यावर रंगीत खडूंनी हे समजावताना आम्हा शिक्षकांचे हात दुखायचे, तरी मागच्या बाकांवर चेहरे कोरेच. स्क्रीनवर ते वळण मुलांना डोळ्यांनी दिसतं. सीटी स्कॅनचंही तसंच. त्यातले आडवे काप पायांकडून पाहिल्यासारखे मांडतात, म्हणून रुग्णाची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. ही सवय पहिल्याच वर्षी लागली तर पुढे फार सोपं जातं.

पण ही चित्रं आली कुठून? अमेरिकेत १९९३ साली जोसेफ पॉल जर्निगन या कैद्याला मृत्युदंड देण्यात आला. त्यानं देहदान केलं होतं. त्याचा देह गोठवून एकेक मिलिमीटरचा थर खरवडत गेले आणि प्रत्येक थराचं छायाचित्र घेतलं. अशी अठराशेहून अधिक छायाचित्रं १९९४ साली जगासाठी खुली झाली. पुढच्या वर्षी एका स्त्रीचा देह आला, तोही तीनपट बारीक थरांत. डिजिटल शरीररचनेचा मोठा पाया हाच.

त्याआधीचा मोठा ग्रंथ १८५८ सालचा, ग्रे या इंग्रज शरीररचनातज्ज्ञाचा. त्यातली चित्रं काढणारे हेन्री व्हँडाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. ती चित्रंही लंडनमधल्या बेवारस गरिबांच्या देहांवरूनच काढलेली. हे मी वर्गात आवर्जून सांगते.

स्क्रीनवरचा देह प्रत्येक वेळी तोच असतो. विच्छेदनाच्या टेबलावरचा देह दरवर्षी वेगळा. पुस्तकात मूत्रपिंडाला एक रोहिणी, पण साधारण चार माणसांमागे एकात जास्तीची सापडते. मूत्रपिंड काढणाऱ्या सर्जनला ती ठाऊक नसेल तर रक्तस्राव ठरलेला. चिमट्याच्या टोकाला नस आणि रक्तवाहिनी वेगळी लागते, हेही काचेवर बोट फिरवून कळत नाही. म्हणून मुलांना मी सांगते, आदल्या रात्री मोबाइलवर पाहून या आणि सकाळी हातानं शोधा.

त्यासाठी देह लागतात. राज्याच्या १९४९ च्या शरीररचना कायद्यानं बेवारस मृतदेह महाविद्यालयांना देता येतात. पण स्वतः होऊन दिलेला देह टेबलावर असला की मुलांचा वावरच बदलतो, हे मी पाहिलं आहे.

देहदानाचा अर्ज महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात मिळतो. भरल्यावर घरात सर्वांना सांगून ठेवा, कारण मृत्यूनंतर महाविद्यालयाला फोन घरच्यांनीच करायचा असतो. देह शक्य तितक्या लवकर पोचायला हवा, सोबत डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला हवा. शवविच्छेदन झालेला देह सहसा घेत नाहीत. नेत्रदान करून मात्र देहदान करता येतं. त्यासाठी डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, तेव्हा आधी नेत्रपेढीला कळवा.