बहिणीचा व्हिसा

माझी फुफी, म्हणजे आत्या, लग्न होऊन कराचीला गेली. माहेर मात्र दोंडाईचाच राहिलं. कराचीतला भारतीय वाणिज्य दूतावास १९९४ साली बंद झाला. मग माहेरी यायचं तर अर्ज हजार किलोमीटरपलीकडच्या इस्लामाबादला. व्हिसा मिळाला तरी एकाच खेपेचा, त्यावर ठरलेल्या गावांची नावं. परतलं की पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

अब्बा आजारी पडले तेव्हा ती येऊन गेली. पुन्हा येणं जमेना.

सप्टेंबर २०१२ मध्ये दोन्ही देशांनी नवा करार केला. पासष्टीपुढच्यांना दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येईल असा व्हिसा देण्याची त्यात सोय होती. फुफी तेव्हा त्रेसष्ट वर्षांची. अब्बा हसून म्हणाले, "बहीण लवकर म्हातारी व्हावी, असं पहिल्यांदाच वाटतंय."

तिला पासष्ट लागण्याआधीच अब्बा गेले.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर बहुतेक व्हिसा रद्द झाले, अटारीची वाट बंद झाली. सरहद्दीला पहारा हवा, हे मलाही कळतं. पण श्रोतेहो, माहेर एका खेपेत उरकत नाही. लग्नाला यावं लागतं, आजारपणाला यावं लागतं, आणि मातीलाही.