काचेची बाटली, प्लास्टिकची बाटली



माझा पुतण्या इंग्लंडमध्ये असतो. दहा-बारा वर्षं त्याने सिगारेट ओढली आणि मुलगी झाली तेव्हा सोडली. सोडली, पण तिच्या जागी व्हेप आलं. वाफेची सिगारेट म्हणा हवं तर. एका रविवारी त्याचा भोपाळला फोन आला. म्हणाला, "काका, तुमचं आयुष्य औषधांच्या बाटल्यांत गेलं. एक सांगा, हे व्हेपचं लिक्विड काचेच्या बाटलीत ठेवू की प्लास्टिकच्या?"

माझे वडील 1956 साली नागपूरची राजधानी भोपाळला हलली तेव्हा सचिवालयाच्या फायलींबरोबर इथे आले. तेव्हापासून आम्ही इथलेच. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवलं. त्यामुळे बाटलीचा प्रश्न आला की मला राहवत नाही. मी त्याला अर्धा तास उत्तर दिलं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की महत्त्वाचं सांगायचं राहूनच गेलं.

आधी बाटलीचं सांगतो. तिकडे निकोटीन असलेल्या द्रवाची बाटली 10 मिलिलिटरपेक्षा मोठी विकता येत नाही, आणि एका मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन चालत नाही. मग लोक बिननिकोटीनची मोठी बाटली घेतात आणि छोट्या बाटलीतलं निकोटीन घरी तिच्यात मिसळतात. हे मिश्रण महिना-दीड महिना घरात राहतं. म्हणून कशात ठेवू, हा प्रश्न.

काच आतल्या पदार्थाला काही देत नाही आणि त्याच्याकडून काही घेत नाही. आपल्या चौक बाजारातल्या अत्तरवाल्याच्या फळीवरच्या कुप्या आठवा. जपायचं अत्तर काचेतच असतं आणि बुचही घट्ट बसणारं असतं. प्लास्टिकचं तसं नाही. लिंबाचं लोणचं एकदा प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. डबा कितीही घासा, वास जात नाही. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन नावाचं तेल पॉलिथिनमध्ये शिरून बसलेलं असतं. डब्याला वास लागला याचा अर्थ लोणच्याचा तेवढा वास गेला. दाबून थेंब पाडायच्या मऊ बाटल्या बहुधा याच पॉलिथिनच्या असतात. वास त्यांच्यात शिरतो आणि हवेतला प्राणवायूही त्यांच्यातून हळूहळू आत येतो. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, ज्याला पीईटी म्हणतात, ते हवेला बरंच जास्त अडवतं, पण काचेइतकं नाही.

आणि निकोटीनला हवा सोसत नाही, उजेडही सोसत नाही. ताजं असताना ते जवळजवळ बिनरंगी असतं. मग पिवळं पडतं, मग तपकिरी होतं. म्हणून रसायनाच्या हिशोबाने उत्तर सरळ आहे. तपकिरी काच, घट्ट झाकण, बाटली शक्यतो गळ्यापर्यंत भरलेली आणि जागा थंड, अंधारी.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग काच आणतो." आणि तेवढ्यात मागून त्याच्या लेकीचा आवाज आला. दीड वर्षाची आहे. हाताला लागेल ते तोंडात घालायचं वय. मी म्हटलं, "थांब. काच आणू नकोस."

निकोटीन हे विष आहे, आणि हे मी घाबरवायला सांगत नाही. तंबाखूचा अर्क पिकांवरची कीड मारायला वापरत आलेत, यावरून त्याची जात ओळखा. ते कातडीतूनही अंगात जातं. काचेची बाटली फरशीवर फुटली तर काचा आपण गोळा करतो, पण द्रव फरशीवर पसरलेला असतो, त्याला स्ट्रॉबेरीचा नाहीतर आंब्याचा वास असतो आणि मूल रांगत असतं. तिकडच्या नियमांत बाटली फुटण्यापासून आणि गळण्यापासून सुरक्षित हवी, झाकण मुलांना उघडता येऊ नये, असं लिहिलंय ते याचसाठी. चव थोडी उतरली तर उतरू दे. घरात मूल आहे तोवर दाबून फिरवायच्या झाकणाची छोटी, जाड प्लास्टिकची बाटली, आणि तीही कुलपात. चाळीस वर्षं मी काचेची बाजू घेतली होती; त्या दिवशी ती सोडली.

आता जे राहून गेलं ते. बाटलीत काय आहे? निकोटीन आणि सुवास सोडला तर त्या द्रवाचा जवळजवळ सगळा भाग दोन पदार्थांचा असतो, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. ही दोन नावं ऐकली की औषधाच्या धंद्यातला माणूस सावध होतो. दोन्ही दिसायला घट्टसर, बिनरंगी, चवीला गोडसर. आणि तसंच दिसणारं, तसंच गोड लागणारं तिसरं एक स्वस्त रसायन आहे. त्याचं नाव डायइथिलीन ग्लायकॉल. ते पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी होतात.

1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले 14 रुग्ण दगावले. ग्लिसरीनमध्ये हेच विष होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. आणि 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाड्याच्या परासिया भागात, खोकल्याचं औषध घेतलेली लहान मुलं गेली. 20 हून जास्त मुलं. कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला नेलं होतं. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं. परवानगी शेकडा 0.1 ची, आणि तमिळनाडूच्या प्रयोगशाळेत ते शेकडा 48 च्या वर भरलं. संशय गेला तो प्रोपिलीन ग्लायकॉलवर. परवाना असलेल्या कारखान्याचं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं, दुकानातून घेतलेलं औषध होतं ते. बाटली नीटच होती.

व्हेपच्या द्रवातही हे सापडलं आहे. 2009 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा सिगारेटींच्या 18 नळकांड्या तपासल्या, त्यांतल्या एकीत सुमारे एक टक्का डायइथिलीन ग्लायकॉल निघालं.

पुतण्या राहतो तिथे निदान विकणाऱ्याचं नाव, पत्ता आणि घटक बाटलीवर असतात. आपल्याकडे 2019 पासून ही वस्तू बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं सगळं कायद्याने बंद आहे. पहिल्यांदा विकताना सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी आपल्या शहरांत पोरांच्या दप्तरांतून ती निघते. चोरून आलेल्या बाटलीतलं काहीच कोणी तपासलेलं नसतं, आणि ती काचेची आहे की प्लास्टिकची, याला मग काय अर्थ राहतो?

वेष्टनावरचा असा वाद आपण एकदा पाहिलाय. गुटख्याच्या प्लास्टिकच्या पुड्यांनी गटारं तुंबली होती, प्रत्येक पानटपरीपुढे त्यांचा सडा पडलेला असायचा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2011 पासून त्या प्लास्टिकच्या पुड्या बंद केल्या. गुटखा कागदी पुडीत आला. खाणाऱ्याच्या गालाला त्याचा काय उपयोग? पुढच्या वर्षी, 1 एप्रिल 2012 ला, मध्य प्रदेशाने गुटखाच बंद केला. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. मला त्याचा अभिमान वाटला होता. मग पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशा दोन पुड्या शेजारी शेजारी लटकू लागल्या, आणि घेणारा त्या तळहातावर एकत्र करू लागला. अजून करतो.

वर्गात मी भांडं आणि पदार्थ यांचं नातं शिकवायचो तेव्हा भोपाळमधल्या मुलांना दुसरं उदाहरण कुठून देणार? इथल्या वायुकांडातली मिथाइल आयसोसायनेटची टाकी स्टेनलेस स्टीलची होती, कारण साध्या लोखंडाचा त्याला संपर्क चालत नाही. धातू विचार करूनच निवडला होता. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री त्या टाकीत पाणी शिरलं आणि विषारी वायू बाहेर पडला. आणि कारखान्याच्या भिंतीला लागून झोपलेल्या माणसांना टाकी कशाची आहे हेही ठाऊक नव्हतं आणि आत काय आहे हेही. मुलं गप्प बसायची. त्यांतल्या काहींच्या घरचं कोणीतरी गेलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी मी पुतण्याला परत फोन केला. म्हटलं, बाटली राहू दे, आधी लेबल वाचून दाखव. त्याने वाचलं. कंपनीचं नाव, पत्ता, घटक, तुकडीचा क्रमांक. मी विचारलं, निकोटीन किती? म्हणाला, सहा. म्हटलं, पुढची बाटली तीनची आण, आणि तिच्यानंतरची बिननिकोटीनची. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, मग बाटलीच लागणार नाही."

"लागली तरी छोटी लागेल," मी म्हटलं. "आणि ती कपाटाच्या वरच्या फळीवर ठेव. किल्ली तुझ्याकडे."