चांगला पगार आणि घरचा जमाखर्च

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तरुण दांपत्यांपुढें केलेलें भाषण)



ज्युबिली म्हणतांच आपल्या डोळ्यांपुढें पताका, बॅण्ड आणि सणाची मिस्सा उभी राहते. परंतु लेवीय ग्रंथांत ज्या पन्नासाव्या वर्षाचा विधि सांगितला आहे, त्यांतील मुख्य गोष्ट निराळी होती. त्या वर्षीं विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, आणि दारिद्र्यामुळें दुसऱ्याचा चाकर झालेला मनुष्य मोकळा होऊन आपल्या घरीं जावा, अशी आज्ञा होती. म्हणून या मंगल प्रसंगीं कर्जाविषयीं चार शब्द बोललों, तर तें अप्रस्तुत होणार नाहीं, अशी माझी समजूत आहे.

आपल्या वाडवडिलांना कर्ज होई तें पीक बुडाल्यानें किंवा घरांत आजार शिरल्यानें. थोडें थोडें साठवून एकमेकांस साह्य करावें, याच मार्गानें वसईंत १९१८ सालीं कॅथॉलिकांची पतसंस्था निघाली. तीच पुढें बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. आजचें कर्ज मात्र चांगल्या पगाराच्या मागोमाग घरांत येतें. ज्या वाडींत आजोबांनीं केळीं पिकविलीं, तेथेंच उभ्या राहिलेल्या इमारतींत नातू वीस वर्षांच्या हप्त्यांनीं दोन खोल्या विकत घेतो. आणि मुंबईच्या बाजूस जावें तसतसा भाव चढतच जातो.

एका दांपत्याचा हिशेब मांडून पाहूं. दांपत्य मी कल्पिलेलें आहे. परंतु असा हिशेब पुष्कळांच्या घरीं सांपडेल. पतीच्या हातीं दरमहा ९०,००० रुपये येतात, पत्नीच्या हातीं ६०,०००; मिळून दीड लक्ष. बोरिवलीस घर घेण्यासाठीं त्यांनीं साडेआठ टक्के व्याजानें, वीस वर्षांच्या मुदतीनें, ८० लक्ष कर्ज काढलें. त्याचा हप्ता सुमारें ६९,४०० रुपये. मोटारीसाठीं नऊ टक्क्यांनीं पांच वर्षांकरितां ८ लक्ष घेतले. त्याचा हप्ता १६,६००. सोसायटीचा मेंटेनन्स ५,०००, आणि मुलाच्या शाळेची फी महिन्याच्या हिशेबानें १०,०००. बेरीज झाली १,०१,०००. उरलेल्या ४९,००० रुपयांत घर चालतें, म्हणून कोणास कांहीं खुपत नाहीं.

पुढें दुसरें मूल होतें, किंवा म्हाताऱ्या आईची शुश्रूषा करावी लागते, आणि पत्नी नोकरी सोडते. आतां घरांत ९०,००० येतात आणि देणीं १,०१,००० आहेत. तांदुळाचा दाणा घेण्यापूर्वींच ११,००० रुपयांची तूट! या घरांत कोणी दारूबाज नाहीं, जुगारी नाहीं. चहा-नाश्ता बंद करून ही तूट भरणारी नव्हे. चूक झाली ती कर्जाच्या कागदावर सही केली त्या दिवशीं.

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असें प्रभु येशूनें शिकविलें; संत लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत तें आपण वाचतों. बँकही अंदाज घेते, पण तो दोघांचे आजचे पगार पाहून. उद्यां आपल्या घरीं काय घडेल, याचा विचार आपणच केला पाहिजे. म्हणून माझें सांगणें एवढेंच आहे: जेथें पतिपत्नी दोघेंही मिळवितात, तेथें न टाळतां येणारीं सर्व देणीं एकाच्या पगारांत भागावीं, आणि वर अन्नापुरतें उरावें. त्याच दांपत्यानें विरारकडे लहानसें घर पाहून ५० लक्षांचेंच कर्ज काढलें असतें, आणि मोटार घेतली नसती, तर घराचा हप्ता ४३,४०० झाला असता. मेंटेनन्स व फी धरून देणीं ५८,४००. पतीच्या एकट्या पगारांतून ३१,६०० शिल्लक. शिवाय वीस वर्षांत ८० लक्षांवर व्याज जातें सुमारें साडेशहाऐंशी लक्ष, आणि ५० लक्षांवर सुमारें ५४ लक्ष. याचीही किंमत द्यावी लागते, हें मी लपवीत नाहीं. गाडीच्या गर्दींत रोज आणखी वेळ जातो, आणि तो वेळ मुलांच्या वाट्याचा असतो. ही तुलना प्रत्येकानें आपल्या घरीं करावयाची आहे.

कोणी विचारील, मोठा पगारच थांबला तर काय? त्याचें उत्तर योसेफानें मिसर देशांत दिलें आहे. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पांचवा हिस्सा साठवावा, असें त्यानें फारोला सुचविलें. दीड लक्षाचा पांचवा हिस्सा ३०,०००. लहान कर्जाच्या घरांत देणीं आणि ही शिल्लक मिळून ८८,४०० होतात, आणि संसारास ६१,६०० उरतात. पगार होतांच ही रक्कम बाजूला काढावी. महिनाअखेरीस उरेल तें ठेवूं म्हणणाऱ्याचें कांहींच उरत नाहीं. अठरा महिन्यांत ५,४०,००० जमतात, म्हणजे दरमहा ९०,००० खर्चाच्या घराची सहा महिन्यांची बेगमी होते. ती सगळी एकाच बँकेंत एकाच नांवावर ठेवूं नये, कारण एका बँकेंतील एका ठेवीदाराच्या ठेवींवरील विम्याची मर्यादा २०२० सालीं १ लक्षावरून ५ लक्ष करण्यांत आली. तिच्यापलीकडील रकमेस तें संरक्षण नाहीं.

आतां थोडें कटु बोलतों, त्याची क्षमा असावी. लग्नाच्या जेवणावळींत आणि मुलांच्या प्रथम कम्युनियनच्या समारंभांत आपण शेजाऱ्याच्या मंडपाकडे पाहून आपला मंडप घालतों. त्यासाठीं क्रेडिट कार्ड वापरलें आणि बाकी थकली, तर महिन्याला शेंकडा तीन किंवा त्याहूनही अधिक व्याज चढतें, म्हणजे वर्षाला छत्तीसांच्या वर. साक्रामेंताचा मान मंडपावर अवलंबून नाहीं, हें आपणांस ठाऊक आहे. तें पाहुण्यांसमोर म्हणावयाचें धैर्य मात्र हवें.

काटकसरीच्या नांवाखालीं दान बंद करूं नये. मंदिराच्या दानपेटींत दोन नाणीं टाकणाऱ्या विधवेची प्रभूनें प्रशंसा केली, ती उरलेल्यांतून देणाऱ्या श्रीमंतांना पाहून. आईबापांचा आणि गरिबांचा वाटा जमाखर्चाच्या वहींत वरच्याच ओळींत लिहावा.

शेवटीं एक विनंति. पुष्कळ घरांत पतीचें कर्ज पत्नीस ठाऊक नसतें, आणि पत्नीनें भावाला दिलेले पैसे पतीस ठाऊक नसतात. येत्या रविवारीं मिस्सा आटोपून घरीं गेल्यावर दोघांनीं एकत्र बसावें, कोणीही कोणास दोष न देतां सगळीं देणीं एका कागदावर लिहावीं, आणि ज्यावर व्याज सर्वांत अधिक, त्यापुढें खूण करावी. महोत्सवाचें हें वर्ष सरण्यापूर्वीं तेवढें एक कर्ज फेडून टाकावें. त्या घरीं ज्युबिली खरोखर पोंचली, असें मी समजेन. प्रभु आपल्या सर्वांच्या घरांस आशीर्वाद देवो.