बोटामागची बॅटरी आणि खोटा सचिन

आमच्या छावणीतल्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी मोबाईल पुढे केला. सचिन तेंडुलकर सांगत होता, या गेममधून माझी मुलगी रोज पैसे कमावते. ताई बचतीतले पैसे लावायच्या बेतात होत्या! तो व्हिडिओ खोटा आहे, हे जानेवारी २०२४ मध्ये खुद्द सचिननेच जाहीर केलंय.

मग तो खरा का वाटला? पूर्वी कॉम्प्युटरवरचा माणूस प्लास्टिकच्या बाहुलीसारखा दिसायचा. अंधारात बोटामागे बॅटरी धरा, बोट लालसर दिसतं. उजेड कातडीत थोडा शिरतो, पसरतो, मग बाहेर येतो. हे गणित कॉम्प्युटरला जमलं, डोळ्यांतला ओलावा जमला, तशी चित्रं जिवंत वाटू लागली. आता तर खऱ्याच व्हिडिओवर नवा आवाज चढवतात आणि त्याबरहुकूम ओठ हलवतात. आम्ही तो व्हिडिओ तीनदा पाहिला, तरी नजरेला काही सापडलं नाही.

म्हणून आम्ही ठरवलंय, मोबाईलवर कुणीही पैसे लावायला सांगितलं की आधी बैठकीत दाखवायचं. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा.